पिस्तुलाचा परवाना मागताना बेडीचाही विचार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाईच्या एका व्यापारी बंधूंचं पत्र वाचलं. दोन वर्षांत त्यांचं दुकान दोनदा फुटलं. दुसऱ्या वेळी चोरट्यांनी रखवालदाराच्या डोक्यात गज घातला. त्या माणसाला अजून डाव्या कानानं ऐकू येत नाही, असं त्यांनी लिहिलंय. त्यांचा राग मला समजतो, आणि असं पत्र लिहिणाऱ्याला शहाणपण शिकवायची माझी इच्छा नाही. पण पत्राच्या शेवटी त्यांनी दोन मागण्या केल्यात, त्यावर मला बोलायचंय. एक, सज्जन माणसाला पिस्तुलाचा परवाना सहज मिळावा. दुसरी, आपल्या पोलिसांनीही अमेरिकेतल्यासारखं माणसाला हात लावला की आधी बेडी घालावी आणि मग बोलावं.

मी १९८३ साली शिपाई म्हणून भरती झालो आणि २०१८ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पहिल्या बारा वर्षांतली बरीचशी वर्षं मुख्यालयात कैदी पार्टीत गेली. सबजेलमधून कोर्टात, कोर्टातून सबजेलला, कधी येरवड्याला, कधी ससूनला. किती मनगटांत बेडी घातली याची मोजदाद नाही. म्हणून या विषयावर लिहायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजतो.

त्या बंधूंनी या दोन मागण्या वेगवेगळ्या ओळींत लिहिल्यात, पण त्या वेगळ्या नाहीत. घराघरांत पिस्तूल आलं की पोलिसाला प्रत्येक मनगटात बेडी घालावीच लागते. आणि ती चोराच्या आधी परवानावाल्या सज्जनाच्या मनगटात पडू शकते. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहून आलोय. पण त्याआधी आपली बेडी काय आहे ते सांगतो.

आमच्या काळातली बेडी जुन्या घडणीची, किल्ली स्क्रूसारखी फिरवून उघडायची. तिला दोरी बांधलेली असायची. बेडी कैद्याच्या दोन्ही मनगटांत, हात पुढे, आणि दोरीचं दुसरं टोक शिपायाच्या पट्ट्याला किंवा मुठीत. हात पुढे असल्यामुळे कैदी बिडी ओढू शकायचा, पाणी पिऊ शकायचा, नाक पुसू शकायचा. त्या बेडीचं काम एकच होतं, माणूस पळू नये. आम्हाला त्याच्या हातांची भीती नव्हती, त्याच्या पायांची होती. माणूस पळाला तर शिपाई निलंबित होणार, चौकशी लागणार, पगारवाढ अडकणार. पार्टीला माणसं कधीच पुरेशी मिळाली नाहीत. तीन कैदी आणि आम्ही दोघं, तेही लाल एसटीनं. अशा वेळी दोरी हाच तिसरा शिपाई.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयानं प्रेमशंकर शुक्ला खटल्यात निकाल दिला होता, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिहार तुरुंगातल्या या कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्यानं न्यायालयाला तार केली होती, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या तारेवरून प्रकरण दाखल करून घेतलं. न्यायालयानं सांगितलं की सरसकट बेडी घालणं अमानुष आहे. पळून जाण्याचा खरा धोका असेल तरच घाला, कारण लिहून ठेवा आणि ते न्यायाधीशापुढे मांडा. त्याआधी नियमांत वरच्या वर्गाच्या कैद्याला बेडीतून सूट होती आणि गरिबाला नव्हती. हा भेदही न्यायालयानं मोडला. १९९५ मध्ये आणखी एक निकाल आला. गुवाहाटीच्या रुग्णालयात कैद्यांना खाटेला बेड्यांनी बांधून ठेवलंय, असं पत्र ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी न्यायालयाला पाठवलं होतं. त्यानंतर तर न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय बेडीच नको, असा आदेश झाला.

निकाल चांगले होते. आम्ही काय करायचो? रवानगीच्या वेळी डायरीत एक ओळ लिहायचो, 'आरोपी पळून जाण्याची दाट शक्यता असल्याने बेडीसह रवाना'. प्रत्येकासाठी तीच ओळ. खुनाच्या आरोपीसाठी तीच, आणि म्हैस चोरणाऱ्यासाठीही तीच.

ती ओळ मी एकदा एका गुरुजींसाठी लिहिली. साल १९९२. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी गावच्या पतपेढीचे सचिव होते. अफरातफरीत त्यांचं नाव आलं आणि जामीन लवकर झाला नाही. वय बासष्ट. मनगट इतकं बारीक की बेडी शेवटच्या दातापर्यंत कसली तरी हलायची. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांवर नीट पसरला, बाई पदर सावरते तसा. दोरी टॉवेलखालून माझ्या मुठीत. एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. कंडक्टर तिकिटं फाडत आला. मी वॉरंट दाखवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, तो गुरुजींकडे बघत होता. "गुरुजी, मी तुमच्या चौथीच्या वर्गात होतो. कुठं निघालात?" गुरुजी म्हणाले, "कोर्टाच्या कामाला." कंडक्टरनं नमस्कारासाठी हात जोडले. गुरुजींचे हात टॉवेलखाली तसेच राहिले. पुढं घाटात गाडी आदळली आणि साखळी वाजली. सगळ्या गाडीनं ऐकली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

गुरुजी पळणार होते का? रस्ता ओलांडताना ते माझाच दंड धरायचे. तरी मी लिहिलं, 'दाट शक्यता'. मी तसं लिहायला नको होतं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती, कुणी विचारलंही नसतं. सवयीनं लिहिलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर त्या व्यापारी बंधूंना वाटेल की हा म्हातारा नुसती दया सांगतोय. २००९ मध्ये आम्ही हायवेवरच्या एका ढाब्यावर दरोड्यातल्या आरोपीला धरायला गेलो. साध्या कपड्यांत पाच जण. तो खाटेवर बसून जेवत होता. आम्हाला पाहताच त्याचा उजवा हात ताटातून उचलून शर्टाखाली गेला. माझ्या सहकाऱ्यानं तो हात कोपरात धरला आणि दोघं खाटेसकट पालथे पडले. कमरेला गावठी कट्टा होता, भरलेला. मी त्याला पालथा दाबून हात मागे ओढले आणि बेडी मागून घातली. आयुष्यात पहिल्यांदा मी बेडी मागून घातली. कुणी शिकवलं नव्हतं, डायरी आठवली नाही, न्यायालय आठवलं नाही. फक्त एवढंच कळत होतं की हे हात परत पुढे येता कामा नयेत. पंचनाम्याच्या वेळी माझी बोटं थरथरत होती, सही नीट आली नाही.

बंदुकीची भीती काय असते हे आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे माझ्याच हुद्द्याचे होते, सहायक फौजदार. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात काठी होती आणि समोर एके-४७. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. ढाब्यावर त्या माणसाचा हात शर्टाखाली गेला तेव्हा या घटनेला वर्षही झालं नव्हतं.

आता अमेरिकेचं. माझी मुलगी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. २०२३ मध्ये मी आणि आमची मंडळी तिच्याकडे चार महिने होतो. एके संध्याकाळी जावयाबरोबर किराणा आणायला गेलो, तर दुकानाच्या पार्किंगमध्ये पोलिसांची गाडी लाल-निळे दिवे लावून उभी. पुढे एक पांढरा पिकअप ट्रक. पोलिसानं एका पंचविशीतल्या तरुणाला खाली उतरवलं, मागे वळायला सांगितलं आणि हात मागे घेऊन बेडी घातली. तरुणानं काही विरोध केला नाही, उलट स्वतःच हात मागे नेले. जणू रोजचंच असावं. पोलिसानं बेडी घातल्यावर एका बारीक खिळीनं ती आतून पक्की केली, म्हणजे नंतर ती आणखी आवळत नाही. मग मनगट आणि बेडी यांच्यात स्वतःचं बोट घालून पाहिलं. ते बोट मी अगदी बघत राहिलो. पस्तीस वर्षांत मी कधी बोट घालून पाहिलं नव्हतं. मग त्याला फुटपाथच्या कडेला बसवलं. पोलिसानं ट्रकच्या कप्प्यातून पिस्तूल काढलं, गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्या, रेडिओवर नंबर सांगितला. वीसेक मिनिटांनी बेडी काढली, पिस्तूल परत दिलं, तरुण ट्रकमध्ये बसून निघून गेला.

मी जावयाला विचारलं, याचा गुन्हा काय? तो म्हणाला, मागचा एक दिवा लागत नव्हता बहुतेक. पोलिसानं विचारलं असणार, गाडीत हत्यार आहे का, आणि हा खरं बोलला असणार. पिस्तूल बेकायदा होतं का? नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेक माणसांना पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. म्हणजे त्या तरुणानं कायदा मोडला नव्हता, खोटं बोलला नव्हता. तरीही वीस मिनिटं लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तो हात मागे बांधून बसला होता. वाईच्या बंधूंनी डोळ्यांपुढे आणावा तो हा माणूस. ज्या सज्जनाला आपण परवाना देणार, तो हाच.

पुढे काही दिवसांनी तिथल्या पोलिसांचा आणि नागरिकांचा चहापानाचा कार्यक्रम होता. मुलगी मला घेऊन गेली. मी माझं जुनं ओळखपत्र दाखवलं. चाळिशीतल्या एका पोलिसानं अगत्यानं हात मिळवला आणि आपल्या शेजारी बसवून घेतलं. मुलगी दुभाषी. मी विचारलं, अटक नसतानाही बेडी का? तो म्हणाला, मी ज्याच्या जवळ जातो त्याच्याकडे पिस्तूल आहे असं धरूनच जातो, नाही हे माझ्या हातांना कळेपर्यंत. मग त्यानं मला विचारलं, तुम्ही नोकरीत किती वेळा गोळी झाडली? मी म्हणालो, सरावाच्या मैदानावर दरवर्षी. बाहेर एकदाही नाही. त्यानं मुलीला पुन्हा विचारलं, बरोबर ऐकलं ना. त्याच्या चेहऱ्यावर मला हेवा दिसला. पोलिसाला पोलिसाचा चेहरा वाचता येतो.

त्याची भीती खोटी नाही. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे एकशेवीस. आपल्याकडे त्याच पाहणीत शंभरामागे पाचेक, आणि त्यातल्याही बहुतेक बेकायदा. एकशेवीसच्या गावात पोलीस बेडी मागून घालणार, हात कमरेकडे जाऊ नये म्हणून. पाचच्या गावात तो हात पुढे ठेवून दोरी धरतो, पाय पळू नयेत म्हणून. अमेरिकन पोलिसांच्या ज्या व्हिडिओंवर आपण टाळ्या वाजवतो त्यात बेडी मागे का आहे, याकडे कुणी लक्ष देत नाही.

आणि एकदा सवय लागली की मग बंदूक असण्यानसण्याचा प्रश्नही उरत नाही. १९९७ मध्ये टेक्सासमध्येच, लागो व्हिस्टा नावाच्या गावात, एका आईनं आणि तिच्या दोन लहान मुलांनी गाडीत पट्टा लावला नव्हता. दंड जास्तीत जास्त पन्नास डॉलर. पोलिसानं तिला बेडी घालून ठाण्यात नेलं. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००१ मध्ये पाच विरुद्ध चार अशी हरली. पट्टा न लावल्याबद्दलही पोलीस अटक करू शकतो, असं न्यायालयानं म्हटलं. त्या बाईकडे बंदूक नव्हती.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेलं अमेरिकेचं लष्करी विमान सगळ्यांना आठवत असेल. १०४ भारतीय परत पाठवले होते, त्यात तिघं महाराष्ट्रातले. हातात बेड्या, पायात साखळ्या. विमानात चढण्याआधी त्यांची किती वेळा झडती झाली असेल! कुणाकडे सुई सापडली नसती. संसदेत परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की त्या देशाची ही कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे. मी टीव्हीसमोर बसून तेव्हा गुरुजींची डायरीतली ओळ आठवत होतो. कार्यपद्धती म्हणजे तीच ओळ, सगळ्यांसाठी एक.

हेही कबूल करतो की सगळंच बंदुकीवर नाही. इंग्लंडात, १९९६ च्या स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, लोकांच्या हातातली पिस्तुलं बंद झाली, बहुतेक शिपायांकडे आजही बंदूक नसते, आणि बेडी घालणं हाही बळाचा वापर मानून पोलिसाला त्याचं कारण देता यावं लागतं. तिथे हिशेब जुळतो. पण जपानमध्ये बंदुका जवळजवळ नाहीतच, तरी आरोपीला बेडी आणि कमरेला दोरी बांधून कोर्टात नेतात. आमच्यासारखीच दोरी! म्हणजे भीती नसली तरी बेडी राहू शकते. म्हणून बंदूक कमी ठेवली की काम संपलं असं मी म्हणत नाही. बंदूक वाढवली तर मात्र बेडी कमी करायची वाटच बंद होईल, एवढं मी खात्रीनं म्हणतो.

परवान्याबद्दल दोन शब्द. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा होतात. २००४ आणि २००९ ला ते काम माझ्याकडे होतं. मुद्देमालाच्या खोलीत भिंतीला टेकून बारा बोअरच्या बंदुका उभ्या, प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. कुणाची नळी गंजलेली, कुणाच्या दस्त्यात वाळवी. बहुतेकांनी शेती संरक्षणासाठी म्हणून घेतलेल्या, रानडुकराला भिववण्यापुरत्या. एका बागायतदारानं बंदूक जमा करताना मला सांगितलं, साहेब, ही घरात आहे हे भाऊबंदांना माहीत आहे, म्हणून बांधाचा वाद मिटला. मला त्या वाक्यानं धास्ती वाटली. पुढच्या वर्षी भाऊबंदानंही अर्ज केला होता. पिस्तूल एकट्यानं घेता येत नाही. समोरचाही घेतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असा बदल केला, तो मला योग्य वाटतो. आणि बेकायदा कट्टे, जे बिहारमधल्या मुंगेरहून किंवा मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीकडून येतात, ते रोखण्यात खात्यानं जीव ओतावा, हीही माझी तेवढीच कळकळीची मागणी आहे. ढाब्यावरचा कट्टा असाच आला होता. रखवालदाराच्या डोक्यात ज्यानं गज घातला, त्याला उद्या परवाना नसला तरी कट्टा मिळू शकतो. दुकानदाराकडे पिस्तूल आहे हे कळलं की तो गजावर थांबणार नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्याच्या कलम ४३ मध्ये बेडी कुणाला घालता येईल याची यादी दिली आहे. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र बाळगणारा, आणि असे आणखी काही. ढाब्यावरचा माणूस या यादीत बसतो, आणि बसलाच पाहिजे. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीनं सुचवल्यावर ते वगळले. म्हणजे माझे गुरुजी आज यादीबाहेर आहेत. त्या समितीतल्या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण यादी म्हणजे सक्ती नव्हे, कायद्यात 'घालू शकेल' असं आहे. आणि कलम ४६ तेच जुनं सांगतं, पळून जाऊ नये एवढ्यापुरताच अटकाव, त्याहून जास्त नाही. तरुण पोलिसांना मी कळकळीनं सांगतो, यादीत नाव आहे म्हणून बेडी घालू नका. माणसाकडे बघा. त्याचं वय, त्याचे हात, आजूबाजूची गर्दी, आधीचा इतिहास. मग जे दिसलं ते त्याच्याच नावानं, तुमच्या शब्दांत डायरीत लिहा. आणि घालायचीच असेल तर बोट घालून पाहा.

खात्याकडेही मागणं आहे. पार्टीला माणसं द्या, गाडी द्या. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं तारीख होत असेल तर कैद्याला रस्त्यावर काढूच नका. अर्ध्या बेड्या माणसं कमी असल्यामुळे पडतात, हे वरिष्ठांना माहीत आहे.

आणि संपादक महोदय, शेवटचं मागणं तुमच्याकडे. जपानचं वर सांगितलं, त्यात एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. तिथे टीव्हीवर आणि छापील फोटोत आरोपीच्या हातातली बेडी पुसट करतात, कारण अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नसतं. आपल्याकडे पोलीस आरोपीला मुद्दाम बाजारपेठेतून चालवत नेतात, छायाचित्रकाराला आधी निरोप जातो, आणि दुसऱ्या दिवशी चार कॉलमी फोटो येतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कच्च्या कैद्याला अशी बेडीत धिंड काढून फिरवल्याबद्दल दहा हजार रुपये भरपाई द्यावी लागली होती. ती सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये कायम केली, पैसे मात्र अधिकाऱ्यानं न देता सरकारनं द्यावेत असं सांगितलं. गुन्हेगाराला धाक बसावा म्हणून लोक हे फोटो मागतात, हे मला ठाऊक आहे. तरी आपल्या वर्तमानपत्रानं मनगटं पुसट करायला सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.

गुरुजी १९९६ मध्ये निर्दोष सुटले. अफरातफर दुसऱ्याची निघाली. ती बातमी कुठे छापून आल्याचं मला आढळलं नाही. त्यांना कोर्टात नेतानाचा फोटो मात्र तेव्हा एका साप्ताहिकात आला होता, पहिल्या पानावर. पायऱ्या चढताना टॉवेल घसरलाय आणि बेडी स्पष्ट दिसते. त्यांच्या मुलानं ते कात्रण अजून ठेवलंय, मागच्या दिवाळीत त्यानं मला दाखवलं. गुरुजींच्या मागे दोन पायऱ्या खाली मी उभा आहे, दोरीचं टोक मुठीत धरून.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार,
जि. सातारा